रेमंडचा फोटो: सर ऑलिव्हर लॉज यांनी तपासलेला एक पुरावा

29 नोव्हेंबर 1915 रोजी सर ऑलिव्हर लॉज यांच्या घरी एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. बाईंचा मुलगा लष्करात डॉक्टर होता आणि लॉज यांच्या धाकट्या मुलाला, रेमंडला, ओळखत होता. अधिकाऱ्यांच्या एका ग्रुप फोटोच्या काही प्रती आपल्याकडे आहेत, त्यात रेमंड आहे, हवी असेल तर एक पाठवते, एवढाच मजकूर. रेमंड त्याआधी अडीच महिने, 14 सप्टेंबरला, पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्र शहराजवळ तोफगोळ्याचा तुकडा लागून गेला होता. वय 26.

मुलगा गमावलेल्या घरी असं पत्र येण्यात नवल नाही. लॉज मात्र ते वाचून सावध झाले, कारण या फोटोचा उल्लेख त्यांनी आधीच ऐकला होता, तोही एका मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमाकडून. 27 सप्टेंबरला लेडी लॉज पीटर्स नावाच्या माध्यमाकडे बसल्या होत्या. रेमंडचे फोटो तुमच्याकडे आहेत, काही एकट्याचे आणि एक पुरुषांच्या घोळक्यातला, असं तो म्हणाला. एका फोटोत हातातली काठी दिसते असंही त्याने सांगितलं आणि काखेत काठी धरल्याचा अभिनय करून दाखवला. घरात असा ग्रुप फोटो नव्हता, तेव्हा ते बोलणं चुकीचं म्हणून बाजूला पडलं होतं. आता पत्राने तो फोटो खरोखर असल्याचं कळवलं. फोटो हातात पडायला अजून आठवडा होता. त्या आठवड्यात लॉज यांनी जे केलं, तेच हे प्रकरण.

आधी माणूस कोण होता ते

रेडिओचा शोध कुणाचा या वादात आपल्याकडे दोनच नावं निघतात, मार्कोनी आणि जगदीशचंद्र बोस. लॉज यांचं नाव मधल्या फटीत पडतं. 1851 साली स्टॅफर्डशायरमधल्या कुंभारकामाच्या पट्ट्यात जन्म, वडिलांचा तिथल्या कारखान्यांना माती पुरवण्याचा धंदा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लॉज त्याच धंद्याला लागले आणि पदार्थविज्ञानापर्यंत पुढे स्वतःच्या हिमतीवर पोचले. 1881 पासून लिव्हरपूलला प्राध्यापक, 1900 पासून बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले प्राचार्य, 1902 साली ‘सर’.

1 जून 1894 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हर्ट्झच्या, म्हणजे या अदृश्य विद्युतलहरी प्रयोगाने दाखवून देणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या, कामावर व्याख्यान दिलं. हर्ट्झ त्याच वर्षी 1 जानेवारीला वारले होते. 14 ऑगस्टला ऑक्सफर्डच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात लॉज यांनी शेजारच्या इमारतीतून पाठवलेल्या लहरी भिंतींपलीकडच्या सभागृहात पकडून दाखवल्या. व्याख्यानाचं पुस्तक निघालं आणि ते कलकत्त्यात वाचून बोस यांनी आपल्या सूक्ष्मलहरींच्या प्रयोगांना हात घातला. लॉज यांनी त्या वर्षी पेटंट घेतलं नाही. घेतलं ते 1897 च्या मे महिन्यात, आणि ते नुसत्या लहरींचं नव्हतं, ‘सिंटनी’चं होतं. म्हणजे ज्याला आपण ट्यूनिंग म्हणतो ते: पाठवणारं आणि घेणारं यंत्र एकाच कंपनसंख्येला जुळवायचं, म्हणजे बाकीचे संदेश मधे येत नाहीत. 1911 साली इंग्लंडातल्या न्यायालयाने या पेटंटाची मुदत सात वर्षांनी वाढवली आणि मग मार्कोनी कंपनीला ते विकत घ्यावं लागलं. 1943 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या ट्यूनिंगच्या पेटंटातले मुख्य दावे रद्द ठरवले, तेव्हा आधीच्या कामांत लॉज यांचं नाव होतं. पण तोवर त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या आणि त्यांचे भागीदार म्यूरहेड यांच्या पद्धतीचं बिनतारी केंद्र ब्रह्मदेशाचा किनारा आणि अंदमानचं पोर्ट ब्लेअर यांच्यामध्येही चाललं होतं.

1894 च्या त्याच उन्हाळ्यात, या दोन कार्यक्रमांच्या मधे, लॉज फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका लहान बेटावर गेले होते. तिथे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांच्या घरी युसापिया पालादिनो नावाची इटालियन माध्यम होती. टेबलं उचलली जात, अंधारात हातांचे स्पर्श होत. लॉज यांची खात्री पटली. पुढच्याच वर्षी केंब्रिजला तिची लबाडी पकडली गेली, तरी बेटावर पाहिलं ते खरंच होतं असं लॉज म्हणत राहिले. त्यामुळे ‘मुलगा गेला आणि बिचारा बाप बुवाबाजीच्या नादी लागला’ ही नेहमीची गोष्ट इथे लागू पडत नाही. रेमंड गेला तेव्हा लॉज या विषयात पंचवीस वर्षं मुरलेले होते आणि असल्या अतींद्रिय गोष्टी तपासणाऱ्या सायकिकल रिसर्च सोसायटीचं अध्यक्षपदही भूषवून झालं होतं. ते 1889-90 सालीच, रेमंड जेमतेम वर्षाचा असताना, पायपर नावाच्या अमेरिकन माध्यमाची परीक्षा घेत होते. तिने एका मेलेल्या काकांच्या बालपणीच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्यांनी एक खासगी चौकशी करणारा माणूस काकांच्या गावी पाठवला. ही माहिती बाहेरच्याला मिळू शकते का, हे बघायला. भाबडा माणूस असलं काही करत नाही.

3 डिसेंबरची बैठक

फोटोचं पत्र हातात होतं, फोटो नव्हता. म्हणजे फोटोत काय आहे हे लॉज यांनाही ठाऊक नव्हतं. परीक्षा घ्यायला याहून चांगली वेळ कुठली? माध्यमाने आपल्या मनातलं वाचलं असा आक्षेप कुणी घेऊ नये, कारण मनात काही नव्हतंच. 3 डिसेंबरला लॉज दुसऱ्या माध्यमाकडे, ग्लॅडिस ऑस्बर्न लिओनार्ड यांच्याकडे, बसले. लिओनार्डबाई तंद्रीत गेल्या की ‘फेडा’ नावाची एक लहान मुलगी त्यांच्या तोंडून बोले, आणि ‘तो असं म्हणतो’, ‘तो तसं दाखवतो’ करत रेमंडचे निरोप सांगे. लॉज यांनी सगळी प्रश्नोत्तरं पुढे पुस्तकात छापली. हा त्यांचा मोठेपणा, कारण त्यामुळेच आज आपल्याला ती तपासता येतात.

फोटो आठवतो का, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं की त्याच्याबरोबर आणखी लोक होते, एकदोन नव्हे, बरेच. ते तुझे मित्र होते का? काही होते, सगळ्यांना तो नीट ओळखत नव्हता. सैनिक होते का? हो, वेगवेगळे. तो उभा होता का? नाही, बसलेला होता. मागे काही जण उंचावर होते, काही उभे, काही बसलेले. काठी होती का? ते त्याला आठवत नाही. कुणीतरी त्याच्या अंगावर रेलू पाहत होता एवढं आठवतं, पण फोटो निघाला तेव्हा तो तसाच रेललेला होता की नाही, याची खात्री नाही.

मग लॉज यांनी विचारलं, फोटो बाहेर उघड्यावर काढला का? फेडा म्हणाली, जवळजवळ हो. फेडा स्वतःच तिथे अडली आणि हळू आवाजात रेमंडलाच विचारू लागली. जवळजवळ म्हणजे काय, एकतर उघड्यावर असेल किंवा नसेल. ‘हो’ असंच म्हणायचंय ना? फेडाला वाटलं की त्याला ‘हो’च म्हणायचं असावं. त्यावर लॉज म्हणाले, एखादा आडोसा असू शकेल. असू शकेल, असं उत्तर आलं. फेडाला दाखवायचा प्रयत्न कर, असं ती रेमंडला म्हणाली, आणि मग तिने सांगितलं की मागे काळपट पार्श्वभूमी आहे आणि तिच्यावर खाली उतरणाऱ्या रेघा आहेत.

हा तुकडा मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्या संदिग्ध उत्तराला पुढची वाट कुणी दाखवली? लॉज यांनी. आडोशाची कल्पना कुणाची? लॉज यांची. ‘आडोसा’ म्हटल्यावर पार्श्वभूमीला काहीतरी बांधकाम येणार, लाकडी असणार, फळ्यांच्या किंवा छपराच्या रेघा असणार, हे सुचायला परलोकाची गरज नाही. लिओनार्डबाई जाणूनबुजून फसवत होत्या असं मला म्हणायचं नाही. पुढे अनेक वर्षं अनेकांनी त्यांना तपासलं आणि पालादिनोसारखी लबाडी त्यांच्या नावावर लागली नाही. पण समोरचा माणूस काय बोलतो, कुठे थांबतो, कुठल्या उत्तरावर त्याचा श्वास मोकळा होतो, हे माध्यमाला ऐकू येत होतं, मग तिला स्वतःला त्याची जाणीव असो वा नसो.

फोटो आला तेव्हा

6 डिसेंबरला लेडी लॉज यांना रणांगणावरून परत आलेल्या सामानातल्या रेमंडच्या डायरीत एक नोंद सापडली: 24 ऑगस्ट, फोटो काढला. 7 डिसेंबरला दुपारी फोटो आला. तो येण्याआधी लॉज यांनी आपल्या अपेक्षा कागदावर उतरवून ठेवल्या होत्या, नंतर कुणी म्हणू नये की फोटो पाहून मग जुळवलं.

फोटोत 21 अधिकारी आहेत. पुढची रांग गवतावर बसलेली, मधली खुर्च्यांवर, मागची उभी. रेमंड पुढच्या रांगेत जमिनीवर. मागच्या अधिकाऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर टेकलेला आहे आणि रेमंडची मान थोडी बाजूला, किंचित अवघडल्यासारखी. पाठीमागे गडद रंगाची लाकडी शेड, तिच्या छपरावर ठळक उभ्या पट्ट्या. काठी आहे, पण पीटर्सने दाखवली तशी काखेत नाही, आणि हा फरक लॉज यांनी स्वतः नोंदवला आहे.

लॉज यांच्या मते हा सगळ्यात पक्का पुरावा होता. खांद्यावर हात टेकलेला असा एवढा स्पष्ट माणूस त्या फोटोत रेमंडच होता, आणि तीच गोष्ट आधी सांगितली गेली. ते अवघडलेपण बापाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते वर्णन वाचताना आपलाही क्षणभर विश्वास बसतो.

आता शांतपणे वाटणी करू. अधिकाऱ्यांच्या ग्रुप फोटोत बरेच लोक असणं, काही बसलेले काही उभे असणं, सगळ्यांची ओळख नसणं, मागे भिंत किंवा शेड असणं, हे जवळपास दर फोटोला लागू. तरुण सेकंड लेफ्टनंट पुढे जमिनीवर असणार हेही ओघाने येतं. उरतात दोन गोष्टी. रेघा: त्या ‘आडोसा’ या शब्दाच्या मागून आल्या. आणि रेलणं: हे खरंच विशेष आहे, पण सांगताना ते ‘रेलू पाहत होता, खात्री नाही’ असं आलं होतं. कुणी रेललेला दिसला नसता तर ‘खात्री नाही’ खरं ठरलं असतं, दिसला म्हणून ‘रेलू पाहत होता’ खरं ठरलं. काठीचंही तसंच. पीटर्सने ती आवर्जून सांगितली, फेडाला ती आठवली नाही, फोटोत ती वेगळ्या जागी निघाली, आणि तरी ती पुराव्याच्या बाजूलाच जमा झाली.

तबकड्या उलट फिरवणारा माणूस

प्रश्न असा की लॉज यांना हे का दिसलं नाही? उत्तर त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडतं.

1890 च्या दशकात लिव्हरपूलला त्यांनी एक यंत्र बांधलं होतं. पोलादाच्या दोन तबकड्या, व्यास साधारण तीन फूट, मधे इंचभर फट. दोन्ही प्रचंड वेगाने फिरवायच्या आणि मधल्या फटीतून प्रकाशाचे दोन किरण एकमेकांच्या उलट दिशेने फिरवून आणायचे. फिरणाऱ्या तबकड्या ईथरला, म्हणजे प्रकाश ज्या माध्यमातून जातो असं तेव्हा मानत त्या अदृश्य पदार्थाला, आपल्याबरोबर ओढत असतील, तर एका किरणाला फायदा व्हायला हवा, दुसऱ्याला तोटा. वेग वाढवला तेव्हा दोन किरण एकत्र आल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे सरकले. दुसऱ्या कुणी तिथेच आनंद साजरा केला असता. लॉज यांनी तबकड्या उलट फिरवल्या. परिणाम खरा असेल तर सरकण्याची दिशाही उलटायला हवी. ती उलटली नाही. म्हणजे ती भानगड तबकड्यांमुळे ढवळलेल्या हवेची होती. त्यांनी निष्कर्ष छापला: ईथर ओढला जात नाही, परिणाम शून्य.

ईथरवर या माणसाचा केवढा जीव होता हे लक्षात घेतलं तर या शून्याची किंमत कळते. 1909 साली त्यांनी ईथरवर एक पुस्तकच लिहिलं आणि त्यात हिशेब मांडला की अवकाशाच्या एका घन मिलिमीटरमध्ये हजार टनांइतकं वस्तुमान दडलेलं असलं पाहिजे. आइन्स्टाइननंतर ईथर बाजूला पडला तरी लॉज शेवटपर्यंत त्याला धरून राहिले. पुढच्या पुस्तकांत तर देह गेल्यावर आत्मा ईथरच्याच शरीरात राहतो, इथवर ते पोचले.

असा माणूस ‘नाही’ ऐकू शकत होता, पण ‘नाही’ म्हणणारं यंत्र समोर असेल तर. त्यांच्या रेडिओच्या ग्राहकाचंही, म्हणजे लहर पकडणाऱ्या भागाचंही, तसंच होतं. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस, दोन्ही टोकांना तारा. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते, नळीला टिचकी मारली की पुन्हा सुटे. ‘कोहिअरर’ नावाचा हा ग्राहक कोण प्रयोग करतंय ते ओळखत नाही, प्रश्न कसा विचारला ते त्याला कळत नाही. त्या काळी बिनतारी संदेश आणि परलोकाचे निरोप यांची सांगड घालणारे खूप होते, लॉजही त्यात होते: अदृश्य लहरी भिंतींतून येतात तर मनाचे निरोप का येऊ नयेत? ही उपमा मोडते ती लहरींपाशी नाही, ग्राहकापाशी. लिओनार्डबाई कीस भरलेली नळी नव्हत्या.

आणि या प्रकरणात तबकड्या उलट फिरवणं अवघड नव्हतं. फोटोबद्दल काहीच माहीत नसलेल्या कुणाला तरी बैठकीला बसवता आलं असतं. लिहून घेतलेलं वर्णन त्याच महिन्यांत काढलेल्या दुसऱ्या दहा पलटणींच्या ग्रुप फोटोंना लावून पाहता आलं असतं, किती जुळतं ते मोजायला. लॉज यांनी गुप्ततेची काळजी घेतली, तारखांची घेतली, नोंदींची घेतली. म्हणजे बाहेरून माहिती आत झिरपू नये एवढं पाहिलं. माहिती आतूनच, प्रश्न विचारणाऱ्या बापाच्या तोंडून जाऊ शकते, ही वाट त्यांनी बंद केली नाही. आजच्या औषधचाचण्यांत डॉक्टरलाही कुठली गोळी खरी ते कळू देत नाहीत, ते याच वाटेमुळे.

पुस्तक

‘रेमंड’ हे पुस्तक नोव्हेंबर 1916 मध्ये आलं. तीन भाग: पहिल्यात रेमंडची आघाडीवरून आलेली पत्रं, दुसऱ्यात बैठका, तिसऱ्यात जीवन-मरणावर लॉज यांचं चिंतन. पहिला भाग फारसं कुणी वाचत नाही, पण मला तोच सगळ्यात जिवंत वाटतो. इंजिनिअर असलेला, भावांच्या कारखान्यात काम केलेला तरुण खंदकांतल्या खटपटींबद्दल हसतखेळत लिहितो, आणि पुढच्या भागातल्या फेडाच्या तोंडचा रेमंड त्याच्यासमोर फिका पडतो. हा फरक खुद्द लॉज यांच्या लक्षात आला नसेल?

पुस्तकावर उड्या पडल्या. 1916 साली सॉमच्या लढाईनंतर इंग्लंडात घराघरांत कुणीतरी गेलेलं होतं, आणि सांगणारा माणूस कुणी भोंदू नव्हता, रॉयल सोसायटीचा फेलो होता. काही वर्षांत आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. टीकाकारांनी मात्र एकच परिच्छेद पकडला: परलोकात एकाने सिगार मागितला, तो तिथल्या तिथे तयार करून दिला, कुणी व्हिस्की-सोडा मागितला, तोही मिळाला. वर्तमानपत्रांना महिनाभराचं खाद्य झालं. लॉज यांना तो परिच्छेद सहज गाळता आला असता. त्यांनी तो ठेवला, कारण नोंद म्हणजे नोंद. मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स मर्सियर यांनी 1917 साली लॉज यांच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात खिल्ली बरीच आहे, आणि खिल्लीने असल्या प्रकरणाचं काही बिघडत नाही. आपल्याकडेही वाटीवर बोटं ठेवून प्लँचेट करणाऱ्यांना लोक हसत आले आहेत, आणि दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा फिरतेच. सिगारपेक्षा ‘आडोसा असू शकेल’ ही एक ओळ कुणी तेव्हाच उचलून धरली असती तर अधिक काम झालं असतं.

लॉज 1940 च्या ऑगस्टमध्ये वारले. जाण्याच्या कितीतरी आधी त्यांनी सायकिकल रिसर्च सोसायटीकडे सीलबंद मजकूर ठेवला होता, एकात एक पाकिटं घालून. मेल्यानंतर आपण माध्यमांमार्फत तो मजकूर कळवू, मग पाकिटं क्रमाने उघडून ताडून पाहावं, अशी योजना. या वेळी बैठकीला बसणाऱ्या कुणालाच उत्तर ठाऊक नसणार होतं, आणि बरोबर काय ते ठरवणारा कागद आधीच कुलपात होता, म्हणजे ‘आडोसा असू शकेल’ असं काही सुचवून काही हाती लागणार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोसायटीने माध्यमांच्या बैठका घेतल्या आणि पाकिटं उघडली. मजकूर कोणत्याही माध्यमाला सांगता आला नव्हता.